‘नेटिव्ह’ : एका विशेषणाचा इतिहास

तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडातील जहागीरदारांची दप्तरे लॅटिन भाषेत लिहिली जात, आणि त्या दप्तरांत एखाद्या कुळाच्या नावापुढे ‘नेटिव्हस’ हा शब्द पडला म्हणजे त्या मनुष्याचे आणि त्याच्या पुढील पिढ्यांचे भवितव्य ठरून जाई. मूळ लॅटिनात या शब्दाचा अर्थ ‘जन्माने प्राप्त झालेला’ एवढाच. परंतु जहागिरीच्या दप्तरात तो जन्मतः बांधील असलेल्या कुळाचे नाव होऊन बसला होता. अशा कुळाला धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नसे, बाहेरगावी राहावयाचे झाल्यास दरसाल पट्टी भरावी लागे, आणि लेकीचे लग्न करावयाचे तर त्यासाठीही धन्याच्या पदरात पैसा टाकावा लागे. आपण स्वतंत्र आहोत असा दावा कोणी केलाच, तर त्याच्या भाऊबंदांना न्यायासनापुढे उभे करून त्यांच्या बांधीलपणावरून त्याचा बांधीलपणा सिद्ध करण्यात येई. १३४८-४९ च्या महामारीने मजुरांचा तुटवडा पडला तेव्हा ही बंधने सैल होऊ लागली, आणि १३८१ च्या बंडात शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी जहागीरदारांची दप्तरे शोधून काढून जाळली. आपल्याला बांधून ठेवणारी बेडी लोखंडाची नसून शाईची आहे, हे त्या निरक्षर लोकांनी अचूक ओळखले होते. तरीही ही प्रथा पुरती नष्ट व्हावयास आणखी दोन शतके लागली. १५७४ साली एलिझाबेथ राणीने राजघराण्याच्या जमिनींवर उरलेल्या अशा कुळांना मोबदला घेऊन मुक्त करण्यासाठी अधिकारी नेमले, तेव्हा तो अर्थ मावळतीस लागला होता.

दरम्यान फ्रेंच भाषेच्या वाटेने आलेले ‘नेटिव्ह’ हे विशेषण इंग्रजी बोलण्यात आणि काव्यात सौम्य अर्थाने रुळले. जन्मभूमी, मातृभाषा, उपजत बुद्धी, या साऱ्यांना ते लागू लागले. खाणीत शुद्ध रूपात सापडणारे तांबे आणि सोने ‘नेटिव्ह’ ठरले, आणि केंटच्या किनाऱ्यावरील व्हिट्स्टेबलची कालवेसुद्धा त्याच नावाने बाजारात विकली जाऊ लागली. हे विशेषण या अवस्थेत असतानाच, ३१ डिसेंबर १६०० रोजी, त्याच राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली.

सुरतेच्या वखारीतून लिहिणाऱ्या पहिल्या कारकुनांच्या दृष्टीने ‘नेटिव्ह’ म्हणजे ज्या त्या बंदरातले रहिवासी. त्यात तुच्छतेला फारसा वाव नव्हता, कारण मोगल सुभेदाराच्या मर्जीवर ज्यांचा व्यापार चालावयाचा आणि एका फर्मानासाठी ज्यांना दरबारात महिनोन्महिने तिष्ठावे लागावयाचे, त्या परदेशी व्यापाऱ्यांना तुच्छतेचा सूर परवडण्यासारखा नव्हता. १६६८ साली मुंबई बेट या व्यापाऱ्यांच्या कंपनीच्या हाती आले. पुढे किल्ला आणि त्याबाहेरची ‘नेटिव्ह टाउन’ अशी शहराची विभागणी झाली, आणि १७६५ च्या बंगालच्या दिवाणीनंतर तर व्यापाऱ्याच्या हातातला तराजू मुलकी अंमलदाराच्या आसनाखाली गेला. येथून पुढे हे विशेषण माणूस कोठे जन्मला ते सांगण्याचे काम सोडून, तो कोणत्या जागेवर चढू शकणार नाही ते सांगण्याचे काम करू लागले. कॉर्नवॉलिसच्या कारकिर्दीत, आणि १७९३ च्या कायद्यानंतर अधिकच, कंपनीच्या कारभारातील वरिष्ठ जागा विलायतेहून करार करून आलेल्या नोकरांसाठी राखून ठेवण्यात आल्या. एतद्देशीयांची सचोटी भरवशाची नाही असे त्यासाठी दिलेले कारण, ज्या काळात कंपनीचेच नोकर अफाट संपत्ती घेऊन मायदेशी परतत होते त्या काळातले आहे, हे वाचकाने विसरता कामा नये.

महाराष्ट्रात या शब्दाचा प्रवेश तोफांच्या आवाजाबरोबर झाला. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी पेशव्यांच्या फौजेशी लढलेली पायदळाची पलटण ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’ची होती. तेथे उभारलेल्या स्तंभावर मृतांची जी नावे कोरली आहेत त्यांपैकी बावीस नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. पलटणीच्या नावातील एका विशेषणाखाली किती निरनिराळ्या दर्जाची माणसे झाकली जात होती, हे त्या दगडावरील अक्षरे अजून सांगतात. आणि शतक संपण्यापूर्वीच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा, ‘नेटिव्ह’ म्हणून सारे एक असले तरी सारे समान नव्हते, हे त्या समाजाला फार कठोरपणे शिकावे लागले.

पेशव्यांचे राज्य गेले, पण दप्तर चालवावयाचे होते, आणि ते चालविण्यास शिकलेली माणसे हवी होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली मुंबईत १८२२ साली ‘बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ उभी राहिली आणि १८२७ साली तिचे नाव ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ असे झाले. या संस्थेला तेव्हाच्या मराठीत ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ म्हणत, आणि हे नाव मला फार बोलके वाटते. कारण साहेबाने ‘येथला’ म्हणून जो शब्द योजला तो मराठीत उतरविताना त्या मंडळींनी ‘हिंद’ देशाच्या नावावरून विशेषण बनविले, आणि पुढे साठ वर्षांनी राजकारणात जो पालट व्हावयाचा होता त्याची चाहूल एका पाठ्यपुस्तक मंडळाच्या नावात उमटून गेली. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे या मंडळीचे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होते. त्यांच्यामागून त्या जागेवर बाळशास्त्री जांभेकर आले, ज्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी मांडून ‘दर्पण’ काढले. विद्वत्तेने कोणाही युरोपियनाच्या तोडीचा असलेला हा तरुण सेक्रेटरी झाला, पण ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ झाला. दिवाणी न्यायखात्यातही तीच रीत : १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेत खालच्या पायरीवरच्या न्यायाधीशांना ‘नेटिव्ह कमिशनर’ म्हटले आहे, आणि त्यांच्याच जागी पुढे मुन्सफ, सदर अमीन असे हुद्दे आले.

या विशेषणाविरुद्धची पहिली मोठी तक्रार ज्यूरीच्या पंचांवरून उद्भवली. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्यूरीत बसण्याची मुभा मिळाली, परंतु आरोपी ख्रिस्ती असेल तर त्याचा निवाडा केवळ ख्रिस्ती पंचांनी करावा, आणि ग्रँड ज्यूरीत तर ख्रिस्त्यांखेरीज कोणी बसूच नये, असे त्यात बजावले होते. बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी आणि मुंबईत शेटसावकारांनी याविरुद्ध पार्लमेंटपर्यंत अर्ज पोहोचविले, आणि १८३२ साली तो भेद काढून टाकण्यात येऊन हिंदी गृहस्थांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमण्याचा मार्गही मोकळा झाला. जगन्नाथ शंकरशेट हे मुंबईतील अशा पहिल्या गृहस्थांपैकी होते. अर्ज करावा, पुरावा जोडावा, आणि त्यांच्याच कायद्याचा त्यांच्यापुढे दाखला द्यावा, ही जी पद्धत पुढील दोन पिढ्यांच्या राजकारणात मुरली, तिचा पहिला धडा येथे गिरवला गेला.

पुढच्याच वर्षी, १८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमात, कंपनीच्या मुलखातील कोणाही ‘नेटिव्हा’ला केवळ धर्म, जन्मस्थान, कुल किंवा वर्ण यांच्या कारणाने कंपनीच्या कोणत्याही नोकरीस वा अधिकाराच्या जागेस अपात्र मानले जाणार नाही, असे अभिवचन देण्यात आले. मेकॉलेने या कलमाचे पार्लमेंटात मुक्तकंठाने समर्थन केले. पण पुढील वीस वर्षांत करारबद्ध सनदी नोकरीत एकही हिंदी मनुष्य नेमला गेला नाही. १८५३ च्या कायद्याने ती नोकरी स्पर्धापरीक्षेसाठी खुली झाली, १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेस कॅनिंगने वाचलेल्या राणीच्या जाहीरनाम्यात तेच वचन अधिक गंभीर शब्दांत दिले गेले, आणि १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ती परीक्षा उत्तीर्ण झाले व पुढे मुंबई इलाख्यात रुजू झाले. मात्र परीक्षा लंडनमध्येच होत राहिली, आणि १८७६ साली परीक्षार्थीची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचे ठरले. समुद्र ओलांडून एकोणिसाव्या वर्षाच्या आत परक्या भाषेतील परीक्षा देणे किती घरांतील मुलांना शक्य होते, याचा हिशेब करण्यास फारसे गणित लागत नाही.

ज्या लोकांना हे विशेषण लावले जात होते त्यांनी या काळात ते झिडकारले नाही, उलट अंगिकारले, ही गोष्ट आज आश्चर्याची वाटते. पुण्यात जोतिराव फुले आणि त्यांचे सहकारी यांनी मुलींसाठी चालविलेल्या शाळा कागदोपत्री ‘नेटिव्ह फीमेल स्कूल’ या नावाने ओळखल्या जात. १८६४ साली मुंबईत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी सुरू केलेल्या इंग्रजी-मराठी साप्ताहिकाचे नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’. म्हणजे ज्यांना मत असू शकते असे राज्यकर्त्यांना वाटत नव्हते त्यांचे मत, असा त्या नावाचा रोख होता. याहून ठळक उदाहरण दलाल स्ट्रीटचे. टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली उभे राहून सौदे करणारे दलाल गर्दी वाढत गेली तशी जागा बदलत बदलत १८७४ च्या सुमारास ज्या गल्लीत येऊन स्थिरावले तिला त्यांच्याच धंद्याचे नाव पडले, आणि ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. प्रवेशशुल्क एक रुपया, आणि सभासद ३१८. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत कापसाच्या भावाने उन्मत्त झालेला आणि १८६५ साली कोसळलेला बाजार ज्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्या गुजराती, पारशी आणि इतर दलालांनी आपल्या पेढीवर हे विशेषण अभिमानाने रंगविले. हा बाजार आमचा आहे, एवढाच त्याचा त्यांच्या दृष्टीने अर्थ होता. विसाव्या शतकातही ते नाव दीर्घकाळ टिकून राहिले.

परंतु ‘आमचा’ म्हणजे कोणाचा, हा प्रश्न त्याच पिढीत विचारला गेला, आणि तो जोतिरावांनी विचारला. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, सरकारचा शिक्षणावरील पैसा शेतकऱ्याच्या साऱ्यातून येतो आणि त्याचा लाभ मात्र उच्चवर्णीयांनाच मिळतो, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. ‘नेटिव्ह’ हे विशेषण साहेब आणि हिंदी माणूस यांच्यातील भिंत स्पष्ट दाखवी, पण त्या भिंतीच्या अलीकडच्या भिंती झाकून टाकी. या विशेषणाच्या इतिहासात याहून महत्त्वाचे निरीक्षण त्या काळी कोणी केले नाही, असे माझे मत आहे.

कायद्याने या शब्दाची व्याख्या केली ती १८७० साली. ब्रिटिश मुलखात जन्मलेला आणि कायम वास्तव्य असलेला, तसेच ज्याचे आईबाप येथे तात्पुरत्या कामासाठी आलेले नसून नेहमीचे रहिवासी आहेत, असा कोणीही मनुष्य ‘हिंदुस्थानचा नेटिव्ह’ मानावा, असे पार्लमेंटने ठरविले. या व्याख्येचा एक परिणाम असा झाला की मिश्रवंशीय अँग्लो-इंडियन आणि येथे स्थायिक झालेले युरोपियन हे नोकरीच्या बाबतीत कायद्याने ‘नेटिव्ह’ ठरले, आणि शिक्षण व अंतर्गत संरक्षण यांच्या बाबतीत युरोपियनांत गणले गेले. एकाच माणसाचे दोन दप्तरांत दोन जन्म नोंदले गेले. याच कायद्याच्या आधाराने लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७९ साली, नेमणुकीने भरावयाची एक वेगळी सनदी नोकरी निर्माण झाली; पण १८७८ मधील गुप्त खलित्यात, दिलेली वचने मोडल्याच्या आरोपाला सरकारजवळ समाधानकारक उत्तर नाही, हे लिटनने स्वतःच कबूल केले होते.

या साऱ्या साठलेल्या असंतोषाला वाट फुटली ती इल्बर्ट विधेयकाच्या प्रसंगी. बिहारीलाल गुप्ता हे सनदी नोकरीतील हिंदी अधिकारी कलकत्त्यास प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होते, आणि त्या शहराच्या हद्दीत युरोपियन आरोपीचा खटला चालविण्याचा अधिकार त्यांना होता. मात्र बढती मिळून ते मुफसलात गेले की तो अधिकार संपुष्टात येई, आणि त्यांच्या हाताखालच्या युरोपियन अधिकाऱ्याला मात्र तो असे. ही विसंगती १८८२ साली त्यांनी एका टिपणाने सरकारच्या नजरेस आणली. लॉर्ड रिपनच्या सरकारला ती मान्य झाली, आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये कायदेमंत्री कोर्टनी इल्बर्ट यांनी दुरुस्तीचा मसुदा मांडला. संख्येच्या दृष्टीने पाहिले तर त्या घटकेला याचा लाभ हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच अधिकाऱ्यांना व्हावयाचा होता. तरीही २८ फेब्रुवारीला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये युरोपियनांची जी प्रचंड सभा भरली तिच्यातील भाषणे इतकी विषारी होती की त्यांचा स्वर ऐकून राज्यकर्त्यांतील समंजस माणसेही हबकली. चहामळ्यांचे मालक, नीळवाले, वकील, व्यापारी, सारे एका बाजूस झाले. संरक्षणासाठी म्हणून त्यांनी संघ काढला, वर्गणी जमविली, व्हाइसरॉयवर सामाजिक बहिष्कार घातला, आणि त्याला चांदपाल घाटावरून आगबोटीत घालून विलायतेस रवाना करण्याचा बेतही काहींनी रचला होता, अशी हकीकत बंगालच्या नायब गव्हर्नरांच्या कारकिर्दींचा इतिहास लिहिणाऱ्या बकलंड यांनी नमूद केली आहे. ‘नेटिव्ह’ न्यायाधीशापुढे गोऱ्या स्त्रीची अब्रू सुरक्षित राहणार नाही, असे उघडपणे छापले गेले. इतकी वर्षे अदबीच्या भाषेत गुंडाळलेला या विशेषणाचा अर्थ त्या वर्षी निःसंदिग्ध झाला : शिकलेला असो, परीक्षा उत्तीर्ण असो, सरकारने नेमलेला असो, जन्म येथला असला म्हणजे तो न्याय देण्यास अपात्र.

मुंबईने या वादळात जी वृत्ती दाखविली ती आपल्या सार्वजनिक जीवनाला भूषणावह आहे. एप्रिल १८८३ मध्ये टाउन हॉलात भरलेल्या सभेत बद्रुद्दीन तय्यबजी, काशीनाथ त्र्यंबक तेलंग आणि फेरोजशहा मेहता यांनी विधेयकाच्या बाजूने भाषणे केली, आणि शिवीला शिवीने उत्तर न देता राणीच्या जाहीरनाम्यातील वचनांवर बोट ठेवले. जानेवारी १८८४ मध्ये अखेर तडजोड झाली : जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि सेशन जज्ज यांना अधिकार मिळाला, पण निम्मे तरी पंच युरोपियन वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क युरोपियन आरोपीला देण्यात आला, आणि मसुद्याचा प्राणच काढून घेतला गेला. पराभव झाला, पण संघटनेचे सामर्थ्य काय असते हे विरोधकांनीच शिकवून ठेवले होते. ३१ जानेवारी १८८५ रोजी त्याच तिघांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन’ स्थापन झाली, आणि २८ डिसेंबर १८८५ रोजी गोवालिया टँकवरील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले ते ‘इंडियन नॅशनल काँग्रेस’साठी. ‘हैंद’ मंडळींचा शब्द आता राष्ट्राच्या नावाला आला. त्याच साली लष्करी पलटणींच्या नावांतूनही ‘नेटिव्ह’ वगळण्यात आले, आणि संस्थानांच्या बाबतीत तो बदल व्हावयास आणखी काही दशके लागली. १९२७ साली बटलर समिती नेमली गेली तेव्हा तिच्या नावात ‘इंडियन स्टेट्स’ असे शब्द होते.

हिंदुस्थानात हे विशेषण ओसरू लागले तरी आफ्रिकेत त्याचा जोर वाढतच होता. तेथे तरुण मोहनदास गांधींनी १८९४ साली ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ काढली, आणि त्या आरंभीच्या वर्षांत हिंदी लोकांना आफ्रिकी ‘नेटिव्हां’च्या रांगेत बसवू नये, अशी मागणी तिच्यामार्फत होत राहिली व दरबानच्या टपालकचेरीत हिंदी लोकांसाठी निराळे दार मिळविण्यात आले. अपमानाचे विशेषण मोडून काढण्याऐवजी ते दुसऱ्याच्या गळ्यात राहू देऊन आपण बाजूस व्हावे, ही त्या लढ्यातील उणी बाजू होती, आणि गांधीजींविषयीच्या आदरामुळे ती लपविणे योग्य नव्हे. आफ्रिकी पुढाऱ्यांनी १९१२ साली ब्लूमफाँटेन येथे स्थापन केलेल्या संस्थेचे नावही ‘साउथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस’ असेच होते. पुढच्याच वर्षी ‘नेटिव्हज लँड अ‍ॅक्ट’ने देशातील सुमारे सात टक्के जमिनीपलीकडे त्यांना जमीन घेण्यास मनाई केली, आणि १९२३ साली त्यांनीही ते विशेषण टाकून ‘आफ्रिकन नॅशनल काँग्रेस’ हे नाव घेतले. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयरिश कॅथलिकांना हाकलू पाहणारे गोरे स्वतःला ‘नेटिव्ह अमेरिकन’ म्हणवीत, आणि आज तोच शब्द त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा सन्मानदर्शक म्हणून वापरला जातो.

आपल्याकडे कारभारातून गेलेला हा शब्द मुंबईच्या चाळींत मात्र राहिला. गिरणीत कामाला आलेल्या घाटी आणि कोकणी माणसाला हजेरीपटावर नाव घालताना विचारलेले ‘नेटिव्ह प्लेस’ त्याच्या बोलण्यात नुसते ‘नेटिव्ह’ झाले. गणपतीला नेटिव्हला जायचे, म्हातारी नेटिव्हला असते, असे त्याची नातवंडे आजही म्हणतात, आणि त्या उच्चारात कमीपणाची छटाही उरलेली नाही.

कायद्याच्या पुस्तकातून तो पायरीपायरीने गेला. १८३३ च्या ८७ व्या कलमातील वचन १९१५ च्या कायद्याच्या ९६ व्या कलमात ‘नेटिव्ह’ या शब्दासह कायम राहिले. १९३५ च्या कायद्याच्या २९८ व्या कलमात त्याची जागा हिंदुस्थानात वास्तव्य असलेल्या बादशहाच्या प्रजाजनाने घेतली. आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदात तेथे ‘नागरिक’ आला. अपात्रतेची जी कारणे त्या अनुच्छेदाने रद्द केली त्यांत धर्म, कुल आणि जन्मस्थान ही जुनी आहेत, वर्णाच्या जागी वंश आहे, आणि वास्तव्याबरोबरच जात व लिंग ही दोन कारणे नव्याने घातलेली आहेत, जी ब्रिटिश पार्लमेंटने शंभराहून अधिक वर्षांत एकदाही त्या यादीत लिहिली नव्हती.